गाडी किती उचलायची आणि कशाने उचलायची

पुण्यात कुणी ऑफरोडसाठी गाडी उचलायला, म्हणजे जमिनीपासून कायमची उंच करून घ्यायला, काढली की पहिला प्रश्न ऐकू येतो तो "किती इंच?" हाच. मग दोन इंच, तीन इंच, दुकानदार दाखवेल ते किट. आपल्या गाडीचा नेमका कोणता भाग दगडाला लागतो, हे मात्र फार थोड्यांनी खाली वाकून पाहिलेलं असतं. लागणारा भाग वर गेलाच नाही, तर तीन इंच उचलूनही गाडी त्याच दगडावर बसते, आणि वर रस्त्यावर चालवायला वाईट होते ती वेगळीच. म्हणून किटचं नाव सगळ्यात शेवटी येऊ द्या.

आधी गाडीचं पोट तपासा

खडूची पूड पाण्यात दाट कालवा आणि ब्रशने गाडीखाली फासा. पुढच्या बंपरची खालची कड, स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा), गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा), दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारे गिअरचे गोळे), सायलेन्सरचं वळण, फूटस्टेप, मागचा टो हुक, काहीच सोडू नका. सुकलं की आपल्या नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारा. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीला जाणारी वाट यासाठी चांगली, कारण मुरूम, सुटे दगड, झिजलेल्या खडकाच्या पायऱ्या सगळं एकाच फेरीत मिळतं. फक्त ओढे कोरडे असताना जा, नाहीतर खडू धुऊन जाईल. परत आल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. जिथला पांढरा थर खरवडला गेला, तिथे गाडी लागते. प्रत्येक खुणेचा फोटो काढून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्या फोटोंवरून होणार आहेत.

फूटस्टेप घासला असेल, तर तो काढून टाका. शोरूममधून बसवून दिलेला फूटस्टेप बहुतेक गाड्यांच्या पोटाखालचा सगळ्यात लोंबता भाग असतो. पान्याचं अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य. गाडी उचलायचा विचार करणाऱ्या कित्येकांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. मागचा टो हुक लागत असेल तर त्याचंही तेच.

फक्त बंपरची कड लागत असेल, तर बंपर बदलणं किंवा कापून घेणं हा उपाय. त्यासाठी अख्खी गाडी वर न्यायची गरज नाही.

मधला भाग, म्हणजे क्रॉसमेंबर किंवा ट्रान्सफर केस लागत असेल, तर मात्र सस्पेन्शन उचलण्याचा खरा उपयोग आहे. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, थार रॉक्सचा २८५०. उंचवट्याच्या माथ्यावरून गाडी पलीकडे नेताना पोटाचा जो कोन मिळतो, तो पोट ५० मिमी वर गेल्याने साधारण चार अंशांनी वाढतो. लांब गाडीत थोडा कमी, आखूड गाडीत थोडा जास्त.

आणि डिफरन्शियलचा गोळा किंवा दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलची नळी लागत असेल, तर जगातलं कोणतंही लिफ्ट किट उपयोगाचं नाही. स्प्रिंग आणि स्पेसर (उंची वाढवायला मध्ये घालायची जाड चकती) हे अ‍ॅक्सलच्या वर बसतात. ते गाडी उचलतात, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो. पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडच्या भातखाचरांमधल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा डिफरन्शियलला धरतो. जिमनीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत, आताच्या गुरखाला आणि थारला फक्त मागे आहे. त्या उंचवट्यावरून यांना सोडवणारी एकच गोष्ट आहे: मोठा टायर.

टायर आधी, स्प्रिंग नंतर

टायरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्म्याने अ‍ॅक्सल वर जातो. हिशोब कागदावर करा, दुकानात नको. नव्या थारच्या १८ इंची रिमवर २५५/६५ आर १८ टायर येतो. २५५ चे ६५ टक्के म्हणजे साइडवॉल १६६ मिमी, ती दोनदा, अधिक रिमचे ४५७. व्यास झाला साधारण ७८९ मिमी. त्याच रिमवर २५५/७० टाकला तर ८१४. वाढ २५ मिमीची, उचल साडेबारा मिमीची. जिमनीचा १९५/८० आर १५ हा ६९३ मिमीचा. २१५/७५ टाकला तर ७०३, म्हणजे उचल फक्त ५ मिमी. २३५/७५ टाकला तर ७३३, म्हणजे २० मिमी. हे २० मिमी किरकोळ वाटतात, पण डिफरन्शियलखाली ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाहीत. एवढंच की २३५ रुंदीच्या टायरला जिमनीची मूळ साडेपाच इंची रिम अरुंद पडते, तेव्हा रिमचा खर्चही धरून चाला.

व्यास पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. सहा टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, चढावर क्लच जास्त जळतो, आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी जवळपास ८५ ने धावत असते. टायर जड झाला की ब्रेक आणि बॉल जॉइंट यांच्यावरही भार येतो.

टायर ठरला की मग विचारायचं: हा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढलेलं असताना, मडगार्डला घासतो का? घासत असेल तर किती मिमी? लिफ्टचा आकडा या उत्तरातून आणि खडूच्या खुणांमधून निघतो. बहुतेकांच्या बाबतीत तो ४० ते ५० मिमी निघतो. त्याच्या वर जायला खूप ठोस कारण लागतं.

कोणत्या गाडीला कोणता मार्ग

आधी दोन गोष्टी यादीतून बाद करा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर हा लिफ्ट नाही. ते एक वेटोळं निकामी करतात, सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर टाकतात आणि चाकाची चाल खातात. खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवर स्प्रिंग तुटण्याचं ते निमंत्रण आहे. दुसरं, बॉडी लिफ्ट. चेसिस आणि बॉडीच्या मध्ये गट्टू टाकून बॉडी उचलली तर मोठ्या टायरला जागा होते, पण पोट होतं तिथेच राहतं. वर स्टिअरिंगचा जॉइंट, डिझेल भरायचा पाइप, गिअरचे दांडे आणि रेडिएटरच्या पंख्याचं आवरण, सगळ्यांची रांग बिघडते. फारच अडलं तर २५ मिमी, त्याहून जास्त कधीच नाही.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्या, म्हणजे जिप्सी, जुन्या जीप, जुन्या थारचा मागचा भाग. इथे नवे, जास्त कमानीचे पाटे हाच खरा मार्ग. जुन्या पाट्यांना थंडपणी ठोकून कमान काढून घेतली तर एका मोसमात ते पुन्हा बसतात. पान वाढवलं तर उंची टिकते पण गाडी लाकडासारखी ताठ होते. लांब शॅकलने (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) मिळते ती उंची शॅकलच्या वाढीच्या निम्मी: ५० मिमी लांब शॅकल, २५ मिमी उचल. शिवाय पुढच्या शॅकलने कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, जो स्टिअरिंग सरळ ठेवतो) बदलतो आणि गाडी रस्त्यावर भटकते. मग अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर टाकून तो परत आणावा लागतो. लोखंडी गट्टू मागच्या अ‍ॅक्सलवर चालतो, तोही एकच, एकावर एक दोन रचलेले कदापि नाहीत. पुढच्या अ‍ॅक्सलवर गट्टू टाकायचाच नाही. जोरात ब्रेक दाबला की अ‍ॅक्सल त्या गट्टूवर उलटा फिरायला बघतो. यू-बोल्ट एकदा उघडले की नवे घ्या, ताणलेले पुन्हा आवळू नका.

जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवण्याची पद्धत आहे. त्याने गाडी साधारण पाच इंच वर जाते, पण स्टिअरिंगचा दांडा, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्या सगळं नव्याने बांधावं लागतं. रोज कर्वे रोडवरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे. त्याचा बोल्ट आवळला की पुढचा भाग फुकटात वर येतो, म्हणून सगळे तोच आवळत सुटतात. चाकाची एकूण चाल त्याने एक मिमीही वाढत नाही. वर जेवढी मिळते तेवढी खालून जाते, आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट तिरक्या कोनात घासून फाटतात. २५ ते ३० मिमीवर थांबा.

नवी थार, रॉक्स, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे: स्प्रिंग आणि शॉकअप एकातच. याच्या डोक्यावर बसवायचा स्पेसर पुण्यात सर्रास विकला जातो, कित्येकदा भोसरीत लेथवर उतरवलेला. इथे एक हिशोब कुणी सांगत नाही. शॉकअप खालच्या आर्मच्या (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मधोमध कुठेतरी बसतो, चाक त्या आर्मच्या टोकाला. म्हणून २५ मिमीचा स्पेसर चाकाजवळ दीडपट ते दुप्पट होऊन येतो. "पन्नासची उचल हवी" म्हणून ५० मिमीचा स्पेसर घातलात तर चाक खाली लोंबताना ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट आपल्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊन अडतात. तिथून पुढे काहीतरी मोडतंच. या गाड्यांना चाकाजवळ मोजून ४० ते ५० मिमी ही कमाल. त्यासाठी पूर्ण लांबीचे नवे शॉकअप आणि स्प्रिंग, आणि कास्टर परत आणता येईल असा वरचा आर्म, हा योग्य खर्च आहे.

जिमनी, आणि आताची गुरखा, थार, फॉर्च्युनर यांचा मागचा भाग: अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. इथे स्पेसर जेवढा तेवढीच उचल, हिशोब सरळ. लांब स्प्रिंग स्पेसरपेक्षा बरी, कारण तिचा ताठरपणा तुमच्या वजनाप्रमाणे निवडता येतो. उदाहरणार्थ, ३० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग घ्या. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ६० किलो वाढले, तर प्रत्येक बाजूला ३० किलो, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन, आणि गाडी १० मिमी खाली बसते. उलट, बंपर-विंच नसताना जड गाडीची स्प्रिंग घातली तर नाक वर, गाडी ताठ, आणि खडकावर चाक लोंबायलाच तयार नाही. कायम राहणारं वजन आधी ठरवा, दुकानदाराला तोच आकडा सांगा. सुट्टीत भरायचं सामान त्यात धरू नका.

शॉकअपची लांबी: खरी कसोटी इथे आहे

हा टप्पा लोक गाळतात, आणि लिफ्टनंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथून येतात. स्प्रिंग बदलली, शॉकअप तोच ठेवला. किंवा शॉकअप "दोन इंची लिफ्टचा" म्हणून घेतला, पण त्याची मिटलेली आणि उघडलेली लांबी कुणी मोजलीच नाही. खोक्यावरच्या इंचांवर विसंबू नका. टेप घेऊन मोजा.

गाडी सपाटीवर उभी असताना चाक तिथून किती वर जाऊ शकतं ती वरची चाल, आणि किती खाली लोंबू शकतं ती खालची चाल. ऑफरोडला पकड देते ती मुख्यतः खालची चाल. एका बाजूला खड्डा आला की चाक खाली उतरून जमिनीला टेकायला हवं. ते हवेत राहिलं तर साधं डिफरन्शियल फक्त तेच रिकामं चाक फिरवत राहतं आणि गाडी जागच्या जागी भिंगरी फिरवत बसते.

मागचा अखंड अ‍ॅक्सल असलेली गाडी घ्या. आधी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर अंतर मोजून लिहून ठेवा. टाकी भरलेली, टायरची हवा सारखी, गाडीत कुणी नाही. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा पाणसळ लावून खरी सपाट जागा शोधा. मग चेसिसखाली दोन मजबूत स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही. अ‍ॅक्सल ट्रॉली जॅकवर घ्या, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, अ‍ॅक्सल हळूहळू उतरवून स्प्रिंग बाहेर काढा. पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली असेंब्ली मात्र घरी उघडू नका. ती स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि सुटली तर जीव घेऊ शकते.

आता शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर तीन ठिकाणी मोजा. पहिलं, हब-मडगार्ड अंतर मूळ आकड्यावर आणून: ही उभी लांबी. दुसरं, अ‍ॅक्सल जॅकने वर ढकलत बंपस्टॉप (चाक वर येताना धक्का अडवणारा रबरी ठोकळा) पूर्ण दबेपर्यंत: ही मिटलेली मर्यादा. हे मोजताना नवा टायर चढवलेला हवा, आणि एकदा दोन्ही चाकं, एकदा फक्त एक चाक वर ढकलून पाहा, कारण टायर मडगार्डला घासतो तो बहुतेकदा एकच चाक वर गेल्यावर. तिसरं, अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडत, काहीतरी ताणलं जाईपर्यंत: ही उघडलेली मर्यादा. खाली सोडताना दुसऱ्या माणसाला गाडीखालून नाही, बाजूने टॉर्च धरून बघायला सांगा: ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर, अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची नळी, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. यातलं जे पहिलं ताणेल, ती तुमच्या गाडीची मर्यादा.

उदाहरणादाखल आकडे धरू. मूळ शॉकअप उघडल्यावर ५६० मिमी, मिटल्यावर ३५०. उभी लांबी ४५०. बंपस्टॉप पूर्ण दबतो तेव्हा ३६५. म्हणजे खालची चाल ५६० वजा ४५०, ११० मिमी. वरची ४५० वजा ३६५, ८५ मिमी. आता ५० मिमीची स्प्रिंग टाकली आणि शॉकअप तोच ठेवला. उभी लांबी झाली ५००. खालची चाल उरली ६०, वरची झाली १३५. पैसे खर्च करून गाडी उंच दिसू लागली, आणि खड्ड्यात उतरायची ताकद जवळपास निम्मी झाली. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून "ठक" आवाज येतो तो याचाच: शॉकअप पूर्ण उघडून स्वतःलाच आतून ठोकतो आहे.

म्हणून ६१० उघडणारा शॉकअप घेतला. खालची चाल पुन्हा ११०. पण हा लांब शॉकअप मिटतो ३८० ला, आणि बंपस्टॉप दबतो ३६५ ला. म्हणजे बंपस्टॉपच्या १५ मिमी आधीच शॉकअप तळाला आदळणार. दोन टनांची गाडी शॉकअपच्या दांड्यावर आपटते. दांडा वाकतो, सील गळतं, आणि चेसिसवरची ब्रॅकेट फाटते. उपाय बंपस्टॉप खाली आणणं. शॉकअप मिटण्याआधी १५ मिमी जागा हवी, म्हणजे बंपस्टॉप ३९५ ला पूर्ण दबला पाहिजे, म्हणजे तो ३० मिमी खाली आणायचा. तरीही वरची चाल १०५ मिमी मिळते, मूळच्या ८५ पेक्षा जास्तच. मोठा टायर मडगार्डला लागत असेल तर बंपस्टॉप त्याहून आणखी खाली. लिफ्टमधला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

उलट चूकही तितकीच महागात पडते. "जितका लांब तितका बरा" म्हणून ६५० चा शॉकअप घातला आणि ब्रेकची नळी ६२० लाच ताणते आहे, तर एखाद्या खड्ड्यात शॉकअपऐवजी ती नळी अ‍ॅक्सलचं वजन पेलणार. नळी फाटली की ब्रेक गेले. शॉकअपची उघडलेली लांबी सगळ्यात आधी ताणणाऱ्या भागापेक्षा निदान १५ ते २० मिमी कमी हवी. कमी मिळत नसेल तर लांब नळी टाका, तीही तयार बनवलेली आणि दाबाखाली तपासलेली, सांधलेली नाही. शेवटी, अ‍ॅक्सल पूर्ण लोंबता ठेवून स्प्रिंग हाताने हलवून पाहा. ती आपल्या वाटीतून सुटत असेल तर क्लिपने धरून ठेवावी लागेल.

हे सगळं मोजायला एक शनिवार जातो. जो गॅरेजवाला हे मोजायला नको म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका. मग त्याच्या दारात कितीही उंच गाड्या उभ्या असोत.

बसवताना

बाकीचं काम पान्याचं आहे. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: आर्म, दांडे आणि पाट्यांचे जे बोल्ट रबरी बुशमधून जातात, ते चाकं हवेत असताना आवळायचे नाहीत. सगळे हातानेच बसवा, गाडी जमिनीवर घ्या, चार वेळा पुढे-मागे करा, हलवा, आणि मग गाडीचं वजन चाकांवर असताना टॉर्क पान्याने आवळा. हवेत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो, कायम पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. "लिफ्ट केल्यावर गाडी कुरकुरते" यामागे निम्म्या वेळा हेच असतं.

पॅनहार्ड रॉड (अखंड अ‍ॅक्सल आडवा हलू नये म्हणून तो चेसिसला धरणारा दांडा) असलेल्या गाडीत अ‍ॅक्सल बाजूला सरकतो. रॉड ९०० मिमीचा, त्याच्या दोन टोकांच्या उंचीत मूळचा फरक ५० मिमी असेल, तर ५० मिमी उचलल्यावर अ‍ॅक्सल साधारण ४ मिमी सरकेल. ७५ उचलल्यावर ७ मिमीच्या वर. चार मिमी चालून जातात. त्याहून जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

जिमनीसारख्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल लांब आर्मनी मागे चेसिसला धरलेला असतो. असा आर्म ७०० मिमीचा धरला, तर ५० मिमी उचलल्यावर अ‍ॅक्सल जवळपास चार अंश पुढे झुकतो आणि तेवढा कास्टर जातो. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, एक्सप्रेसवेवर गाडी सतत सांभाळावी लागते. उपाय कास्टर भरून काढणारे बुश किंवा ब्रॅकेट. ते किटबरोबरच घ्या, नंतर बघू म्हणू नका.

मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह काही गाड्यांत असतो. गाडीचा मागचा भाग वर गेला की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं धरून मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. व्हॉल्व्हची ब्रॅकेट किंवा दांडा तेवढाच सरकवून घ्या. हे न केल्याने गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. हेडलाइट खाली करा, नाहीतर ताम्हिणीच्या वळणांवर समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाईल. रॉक्सच्या काचेवरचा कॅमेरा असलेल्या प्रकारांत त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्या.

कागद आणि पार्किंग

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत लिहिलेल्या मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक कडकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली बघतो तेव्हा हा प्रश्न दंडाहून मोठा होतो. काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडे लेखी विचारा. फक्त खासगी जमिनीवर चालणारी, ट्रेलरवर नेली जाणारी गाडी आणि रोज एमएच-१२ पाटी लावून सिंहगड रोडवर फिरणारी गाडी, या दोघींना एकच माप लावू नका. रस्त्यावरच्या गाडीला टायरचा माफक बदल, चांगले शॉकअप आणि मजबूत स्किड प्लेट एवढं पुष्कळदा पुरतं.

पार्किंगचंही मोजून घ्या. नवी थार मुळातच साधारण १.८५ मीटर उंच. ५० मिमीची लिफ्ट, टायरचे १५, वर कॅरियर, आणि गाडी दोन मीटरच्या पुढे गेली. मॉल आणि सोसायटीच्या बेसमेंटमधला आडवा बार, आणि त्याखालून गेलेले पाण्याचे पाइप, टेपने मोजा.

पहिले हजार किलोमीटर

उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो. पहिल्या दिवशी घाटात नेहमीपेक्षा हळू, आणि आडव्या उतारावर तर आणखी सांभाळून. चाचणीसाठी ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत किंवा परवानगी असलेली जागा घ्या. सड्यावरचं गवत आणि वनखात्याची जमीन नको. चाकांच्या खुणा तिथे वर्षानुवर्षं राहतात.

एक चाक दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टायर कुठे लागतो ते पाहा. ब्रेकच्या नळ्यांवर घासल्याची चमक शोधा. ड्राइव्ह शाफ्टच्या बूटभोवती ग्रीसचे शिंतोडे दिसले तर लिफ्ट जास्त झाली आहे, थोडी उतरवा. चिखलात किंवा खडकावर हवा १८ पीएसआयपर्यंत कमी केलीत तर पकड खूप वाढते, पण टायर दबून पोट खाली येतं, हे हिशोबात धरा.

५०० किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने, यू-बोल्ट आधी. हजार किलोमीटरला हबपासून मडगार्डपर्यंतची चारही अंतरं परत मोजा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. दोन बाजूंत १० मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर स्प्रिंग डावी-उजवी उलटी लागली आहे का ते तपासा. अलाइनमेंट पुन्हा एकदा करा. मग खडू कालवा, पहिल्यासारखाच गाडीखाली फासा, त्याच वाटेने जा, आणि परत आल्यावर दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा.